मामांच्या बॅटरीतले उसने सेल

सासऱ्यांची बॅटरी मेली ती खटपट्याच्या तोंडावर. म्हणजे झोत त्याच्या तोंडावर होता आणि तो तिथंच विझला. दुपारची वेळ, जेवण झालेलं, खटपट्या आपल्या खुर्चीत मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून पडलेला. सासऱ्यांना चहा हवा होता. त्यांनी पलंगावरनं नेहमीसारखा बॅटरीचा झोत सोडला, तो बरोब्बर जावयाच्या मिटल्या डोळ्यांवर. खटपट्या झोपेतच खेकसला, "मरो ती बॅटरी!"

आणि बॅटरी मेली.

आता असली वाचा ऋषीमुनींची असते म्हणतात. गोदामातल्या स्टोअरकीपरची नसते. हा बाबा इतकी वर्षं गोदामाच्या दारात उभा राहून "ट्रक वेळेवर येऊ दे" म्हणतोय, एक आला असेल तर शपथ. पण नको तिथं जीभ फळते. बायको नेमकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"बोललात ना? झालं समाधान?"

"अगं, मी झोपेत होतो!"

"झोपेतच माणूस खरं बोलतो."

पुरावाही त्याच्या विरुद्ध भक्कम होता. मागच्याच आठवड्यात जिन्यात चार लोकांसमोर तो म्हणाला होता, की एक दिवस ही बॅटरी मी गच्चीवरच्या टाकीत बुडवणार आहे. चार लोकांनी ते चाळीस लोकांना सांगितलं. शिवाय माणसाचं नावच खटपट्या. खरं नाव वेगळंच, पण ते फक्त पगाराच्या दिवशी कामाला यायचं. बंद पडलेली वस्तू उघडायची आणि कायमची बंद करायची, या गुणावरनं अख्खी इमारत त्याला मागनं खटपट्या आणि पुढनं खटपटेसाहेब म्हणायची. तेव्हा बॅटरी बंद पडल्यावर संशय दुसऱ्या कुणावर घ्यायचा? शेजारच्या मांजरावर?

आता तुम्ही म्हणाल, बॅटरी गेली तर गेली, दुसरी आणा. तसं नव्हतं ते.

सासरे, म्हणजे मामा, थेटरात डोअरकीपर होते. आयुष्य अंधारात काढलेला माणूस. तिकिटावर झोत, मग पायावर, मग वाटेवर, मग रिकाम्या खुर्चीवर, असं करत करत त्यांनी निम्म्या गावाला खुर्च्या दाखवल्या. थेटर बंद झालं तेव्हा मालकानं त्यांना हीच बॅटरी दिली. पिवळ्या रंगाची, भोपळ्यासारखी गलेलठ्ठ, शेपटीतनं दोन पिना ओढून काढायच्या आणि भिंतीतल्या सॉकेटात खुपसायच्या, की चार्ज. पुढं मामांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, तिच्याबरोबर आवाजही निघाला. धाकट्या लेकीकडं राहायला आले ते एक पिशवी आणि ही बॅटरी घेऊन.

तेव्हापासनं मामा उजेडानं बोलायचे. स्वयंपाकघराच्या दारावर झोत म्हणजे चहा. पाण्याच्या तांब्यावर झोत म्हणजे पाणी. टीव्हीवर मारला की आवाज कमी करा. आणि कुणाच्या तोंडावर मारला की 'तू'. तू काय, ते ज्याचं त्यानं ओळखायचं. लेकीनं पाटी-पेन्सिल देऊन बघितली, तिच्यावर ते चहाचा कप ठेवायला लागले. घंटी दिली, ती उशीखाली गेली ती परत दिसली नाही. माणूस अख्खं आयुष्य ज्या भाषेत वागला, ती सोडून म्हातारपणी घंटी कशाला वाजवेल?

खटपट्याला सगळ्यात जास्त राग होता तो संध्याकाळच्या झोताचा. कामावरनं तो दारात आला, की पलंगावरनं झोत यायचा. आधी त्याच्या बुटांवर. मग फरशीवर. मग चपलांच्या कपाटाला वळसा घालून, त्याच्या खुर्चीवर. आणि तो टेकेपर्यंत तिथंच. बाहेर लख्ख ऊन असलं तरी.

"घरात खुर्च्या किती, माणसं किती," तो बायकोपाशी कुरकुरायचा, "माझी खुर्ची मला माहीत नाही का? मी काय उशिरा आलेलं गिऱ्हाईक आहे?"

"रोज उशिराच तर येता," बायको म्हणायची.

तर अशी ती बॅटरी. ती गेली, आणि मामांनी भिंतीकडं तोंड केलं. चहा नाही, पाणी नाही, टीव्ही कितीही बोंबलू दे. समोर धरलं तर खाल्लं, नाहीतर नाही. बायकोनं तसं फोनवर बहिणीला सांगितलं, बहिणीनं नवऱ्याला सांगितलं, आणि नवरा फोनवर आला. हे थोरले साडू. मोठं घर, मोठी गाडी, आवाजही मोठा.

"रविवारी येतो आणि मामांना घेऊन जातो," ते म्हणाले. "आमच्याकडं वेगळी खोली आहे. दिवसभर बाई ठेवू. तुमच्याकडं त्यांची आबाळ होतेय."

बायकोनं मामांना विचारलं. मामांनी मान हलवली. तो होकार होता, नकार होता, का मान अवघडली होती, कुणाला कळेना. पण संध्याकाळी बघते तर पलंगाखालची पिशवी वर आलेली.

रात्री जेवताना बायको शांतपणे म्हणाली, "ताईही त्यांचीच लेक आहे. हौसेनं जायचं तर जाऊ देत. पण माझ्या घरातनं रुसून गेले ना, तर मी तुमच्याशी..."

तिथंच थांबली आणि भांडी घासायला गेली. बायकोच्या पुऱ्या वाक्याचं काही नाही हो, पुरं वाक्य माणूस विसरतो. अर्धं वाक्य छातीवर बसतं.

तरी खटपट्या मनात म्हणाला, बरंच आहे की! आता दुपारी झोपू. आता खुर्चीत आपल्या पायानं जाऊ. दुसऱ्या दिवशी तो कामावरनं आला, दार ढकललं आणि उंबऱ्यात उभा राहिला. उभाच राहिला.

"आत या की. कुणाची वाट बघताय?" बायको आतनं म्हणाली.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, आपण झोताची वाट बघतोय. तो रागानं आत शिरला आणि चपलांच्या कपाटावर सपशेल आपटला. इतक्या वर्षांत त्या कपाटाला त्याचा पाय लागला नव्हता. पलंगावर मामा भिंतीकडं तोंड करून. वळूनही बघितलं नाही. नडगी चोळत खटपट्यानं ठरवलं, आता ही बॅटरी पेटवायचीच. सासऱ्यांसाठी नाही, उगाच गैरसमज नको. नडगीसाठी.

पहिल्यांदा त्यानं सरळ मार्ग धरला. बाजारातनं नवी बॅटरी आणली. सडपातळ, चकचकीत, पांढऱ्याफेक उजेडाची. मामांनी ती एकदा लावली, स्वतःच्या तळहातावर उजेड पाडून बघितला. हात मढ्यासारखा दिसला. त्यांनी ती बंद करून भाजीच्या टोपलीत काकड्यांशेजारी ठेवून दिली. तिथं ती शोभूनही दिसली.

मग तो जुनी घेऊन चौकातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं गेला. त्यानं ती हातात घेतली, कानाशी हलवली, आणि परत दिली.

"गेली."

"ते माहीत आहे. कुठून गेली ते बघा."

"आत चार्ज होणारी डबी असते तिची. ती आता मिळत नाही. कंपनीच बंद झाली."

"उघडून तरी बघा."

"साहेब, गेलेल्या माणसाला कुणी उघडून बघतं का?" असं म्हणून तो परत डबा खायला लागला.

आता खटपट्याला हेच पाहिजे होतं. जगानं हात टेकले, की याचे हात शिवशिवायला लागतात. घरी येऊन त्यानं जेवायच्या टेबलावर जुना पेपर अंथरला, बॅटरीचे स्क्रू काढले. आतनं निघाली एक करडी डबी, टम्म फुगलेली. तिच्या कडेनं पांढरी पूड आलेली, दात न घासलेल्या तोंडासारखी.

तेवढ्यात तळमजल्यावरचे मास्तर आले. हे रिटायर्ड मास्तर, वर इमारतीचे सेक्रेटरी. कुणाच्या घरी स्क्रूड्रायव्हर निघाला की यांना खाली कसं कळायचं देव जाणे.

"ओव्हरचार्जिंग!" डबी चिमटीत धरून मास्तर म्हणाले. "रोज गरज नसताना सॉकेटात खुपसली की असं होतं. नैसर्गिक मृत्यू नाही हा. कोण लावायचं रोज चार्जिंगला?"

रोज दिवेलागणीला बॅटरी सॉकेटात लावायची बायको. नेमानं. तुळशीला पाणी चुकेल एखाद्या वेळी, हे नाही.

खटपट्याच्या आयुष्यात असा क्षण कधी आला नव्हता. चार दिवस इमारतभर खुनी म्हणून फिरलेला माणूस, आणि साक्षीदार स्वतःच्या पायानं चालत येऊन त्याला सोडवतोय! त्यानं विजयानं बायकोकडं बघितलं. बायको त्याच्याकडं बघत होती. हातात लाटणं होतं.

"म्हणजे मी मारली म्हणायची," ती म्हणाली.

"छे छे!" खटपट्या म्हणाला. "वयोमानानं गेली ती. मास्तर, तुमचं काहीतरीच."

असा तो निर्दोष सुटला आणि लगेच परत आत जाऊन बसला.

मास्तरांनी मग सल्ला दिला. फुकट सल्ल्याला मास्तरांकडं कधी तुटवडा नसे. "विजेला डबीच पाहिजे असं कुठं आहे? बटाट्यातसुद्धा वीज असते. एक खिळा, एक तांब्याची तार, एक बटाटा. शाळेत मी मुलांना करून दाखवायचो."

"आणि दिवा लागायचा?"

"तत्त्व कळायचं," मास्तर म्हणाले.

बघता बघता टेबलावर बटाट्यांची रांग लागली. प्रत्येकाच्या एका गालात खिळा, दुसऱ्या गालात तार. बायकोनं भाजीसाठी आणलेले सगळे बटाटे फौजेत भरती झाले. शेवटची तार बॅटरीच्या बल्बला लावली. दिवे मालवले, पडदे ओढले. बल्ब तसाच. मास्तर म्हणाले, तत्त्वतः तो पेटलेला आहे, आपल्या डोळ्यांना दिसत नाही. जाताना ते असंही म्हणाले की बटाटे कोवळे होते. त्या दिवशी जेवायला नुसती आमटी होती, गंजकट चवीचे बटाटे सगळे कचऱ्यात.

मग खटपट्याला गोदाम आठवलं. तिथं अंधाऱ्या मांडण्यांमधनं माल शोधायला मोठ्या बॅटऱ्या असत आणि त्यांचे नवेकोरे जाड सेल कपाटात. किल्ली हाताखालच्या मदतनिसाकडं.

"ते सेल जरा दे रे. घरी मापाला लावून बघतो आणि उद्या आणून देतो."

"जुने द्या," मदतनीस म्हणाला.

"कुठले जुने?"

त्यानं नुसतं बोट वर केलं. कपाटावर पाटी होती: जुना सेल जमा केल्याशिवाय नवा मिळणार नाही. कुणाच्याही ओळखीवर मिळणार नाही. साहेबांनाही मिळणार नाही. अक्षर ठळक, लाल, आणि खटपट्याचं स्वतःचं. शेवटची ओळ तर त्यानं फार मजा घेत लिहिली होती. तेव्हा साहेब म्हणजे कुणी दुसराच असतो असा त्याचा समज होता.

"अरे, पण मी लिहिलंय ना ते!"

"म्हणून तर मोडवत नाही," मदतनीस म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत."

स्वतःच्याच चपलेनं स्वतःच्या गालावर इतका नेम धरून मारलेलं दुसरं उदाहरण मिळायचं नाही.

शनिवारी दुपारी तो घरी आला तेव्हा बायको बाजारात गेलेली, मामा भिंतीकडं. टेबलावर उघडी बॅटरी, डबीच्या जागी पोकळी. त्या पोकळीत कुठला सेल बसेल, एवढंच त्याला बघायचं होतं. फक्त मापाला. म्हणून त्यानं भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. तो बारका, खळाखळा वाजला. म्हणून बायकोच्या ट्रान्झिस्टरमधला जाडा काढला. तो आडवा बसला, पण अर्धवट. मधल्या फटीत दारावरच्या बेलचा सेल बरोब्बर गेला, जणू तिथंच जन्मला होता. आता लहान-मोठ्या सेलांची तोंडं एकमेकांना लागेनात. मग सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. ते पाकीट माळ्यावर ट्रंकेमागं होतं. ते तिथं का होतं हा वेगळा विषय, आणि सिगारेट सोडलेल्या माणसाला तो विचारू नये. कागदाच्या गोळ्या करून त्यानं जिथं फट दिसेल तिथं कोंबल्या. पुढं कोंबल्या, मधे कोंबल्या, मागं शेपटीकडं तर हात सैल सोडून कोंबल्या. वरनं रबरबँड. झाकण लावलं. बटण सरकवलं.

भिंतीवर पिवळा गोळा पडला!

जुनाच, तोच, कडेला जरा तपकिरी, मधे बल्बची सावली. खटपट्या नाचायचाच बाकी राहिला. सेल मापालाच आणले होते, आता काढून जिथले तिथं ठेवायचे, हे त्याला आठवलं. पण तुम्ही सांगा, पत्त्यांचा बंगला उभा राहिल्यावर खालचा पत्ता कोण काढतो? त्यानं बॅटरी अलगद उचलली आणि मामांच्या हातात दिली.

मामा सावकाश कुशीवर वळले. बटण सरकवलं. झोत छताला लागला. मामा कितीतरी वेळ छताकडं बघत राहिले. खटपट्याची छाती फुगत चालली होती, डबीसारखीच.

तेवढ्यात दारावर धडाधड थापा पडल्या. खटपट्यानं उघडलं, तर बायको. दोन्ही हातांत पिशव्या, कपाळावर आठ्या.

"अहो, कितीदा बेल दाबायची? शेवटी शेजारच्यांनी दार ठोका म्हणून सांगितलं!"

मामांनी झोत छतावरनं काढला आणि हळूच दारावरच्या बेलवर नेला. तिथं जरा थांबवला. मग भिंतीवरच्या घड्याळावर. काटे निपचित. मग ट्रान्झिस्टरवर. त्याचं मागचं झाकण उघडं, पोट रिकामं. आणि मग, सावकाश, सगळ्यांना दिसेल असा, खटपट्याच्या तोंडावर.

ज्या घरफोडीच्या मालावर तो दिवा चालला होता, त्या घरफोडीचा पंचनामा त्याच दिव्यानं केला. चोरानं पोलिसाला स्वतःच्या हातानं कंदील द्यावा, तसं झालं.

"अहो!" बायको म्हणाली. पण ओठ दाबून. हसू होतं का राग, खटपट्याला उजेडामुळं दिसलं नाही. मामांनी बॅटरी बंद केली, उशीखाली ठेवली. पण पिशवी काही पलंगाखाली गेली नाही.

या सगळ्या गडबडीत खटपट्या एक सांगायचं विसरला. एवढंच, की आता हिला चार्जिंगला लावायचं नाही. साधे सेल आहेत. आणि शेपटीत चांदी आहे.

रविवार उजाडला. मामा अंगात इस्त्रीचा शर्ट घालून पलंगावर बसलेले, पिशवी मांडीवर. खटपट्या घरभर फिरत होता, काही कारण नसताना. चार वेळा त्यानं बंद घड्याळात किती वाजले ते बघितलं. बायको डोळे पुसत डबा बांधत होती. खालनं वॉचमनची हाक आली, "पाहुणे लिफ्टमधे बसले हो!"

बायकोला एकदम सुचलं. वाटेत बाबांना उजेड लागेल, बॅटरी थोडी तरी चार्ज असावी. तिनं उशीखालची बॅटरी काढली, शेपटीतल्या पिना ओढल्या, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं सॉकेटात खुपसून बटण दाबलं.

फाट!

निळा जाळ झाला, धूर आला, बॅटरी उडून पलंगावर मामांच्या पायाशी पडली. फ्रीज गप्प. पंखा गप्प. त्या इमारतीचं वायरिंग असं, की एका घराला शिंक आली की सगळ्यांना सर्दी. खालनं वरपर्यंत एकेक घर गप्प होत गेलं, आणि जिन्यातनं आवाज आला, "अरे! अरे! काय झालं? कोण आहे रे?"

थोरले साडू लिफ्टमधे अडकले होते.

"लागलं का गं कुठं?" खटपट्यानं पहिल्यांदा बायकोचा हात बघितला. हात धड होता. चेहरा मात्र पांढरा.

"आता मी मारली," ती म्हणाली. "आता खरंच मी."

"तू नाही. मी कोंबला तो कागद. शेपटीत."

"कसला कागद?"

"सिगारेटच्या पाकिटातला."

"सिगारेट? तुम्ही सोडली होती ना?"

एक गुन्हा कबूल करायला गेलं की त्याच्या शेपटीला दुसरा निघतो, तो असा. नशीब, बाहेर साडू ओरडत होते म्हणून चौकशी तहकूब झाली.

इमारतीचा जिना मधोमध, खिडकी नाही. दिवे गेले की भरदिवसा काळाकुट्ट. लिफ्ट जुनी, पिंजऱ्याची. ती या मजल्याच्या जरा खाली लटकली होती, म्हणजे साडूंचं फक्त डोकं फरशीच्या वर, जाळीच्या आड, प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यामागं काहीतरी दमून बसावं तसं. मास्तर खालनं चाचपडत आले आणि अंधारात फ्यूजबद्दल बोलायला लागले. वॉचमन गच्चीवर लिफ्टचं चाक हातानं फिरवायला पळाला.

"उजेड दाखवा कुणीतरी!" साडू घामाघूम होऊन म्हणाले. "मला अंधार सोसत नाही!"

खटपट्या काड्यापेटी शोधायला वळला, आणि जागच्या जागी थबकला. त्याच्या पायांवर पिवळा गोळा पडला होता.

दारात मामा उभे. इस्त्रीचा शर्ट, एक हात चौकटीला, दुसऱ्या हातात बॅटरी. शेपूट काळीठिक्कर पडलेली, पण पुढचे सेल सलामत. जळाली ती फक्त खटपट्याची चांदी. पलंगापासनं दारापर्यंत मामा किती महिन्यांनी कुणाच्या आधाराशिवाय आले होते. पाठ ताठ, हनुवटी जरा वर. थेटरच्या दारात ते कसे उभे राहत असतील, ते खटपट्याला पहिल्यांदा दिसलं.

लिफ्ट कण्हत कण्हत वर आली. जाळी सरकली. झोत साडूंच्या बुटांवर गेला, मग फरशीच्या कडेवर, इथं पाय ठेवा. साडू लहान मुलासारखे त्या उजेडात पाय ठेवत बाहेर आले. बाहेर आल्याबरोबर त्यांना त्यांचा आवाज परत सापडला.

"बघितलंत? बघितलंत ना मामा? हे असं घर! बेल नाही, लाईट नाही, घड्याळ बंद. चला. पिशवी आहे ना भरलेली? गाडी खाली उभी आहे. माझ्याकडं जनरेटर आहे, एक मिनिट अंधार होत नाही!"

एकेक शब्द खरा होता, आणि एकेक शब्दामागं खटपट्याचाच हात होता. त्यानं फक्त खाली बघितलं. म्हणजे उजेड कुठं जातोय ते बघितलं.

मामांनी साडूंचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग झोत परत साडूंच्या बुटांवर आला. बुटांवरनं फरशीवर. फरशीवरनं, घराच्या उघड्या दारावरनं न थांबता पुढं, जिन्याच्या पहिल्या पायरीवर. उतरणाऱ्या. तिथं थांबला.

"अहो, मी आत्ताच आलोय," साडू म्हणाले.

झोत हलला नाही. थेटरात उजेड दाखवणाऱ्याशी हुज्जत घालता येत नाही. चांगले चांगले शेठ त्याच्या मागनं मुकाट चालतात. साडूंनी एक पाऊल टाकलं, झोत दुसऱ्या पायरीवर गेला. अशी एकेक पायरी मामा वरनं दाखवत गेले, कठड्याला धरून, न घाई न दिरंगाई, आणि साडू उतरत गेले.

"भाऊजी, चहा तरी घेऊन जा!" बायको मागनं ओरडली. तिच्या आवाजात इतका आनंद होता की तिलाच लाज वाटली.

"पुढच्या वेळी!" खालनं आवाज आला. "मामा, गाडी सांगाल तेव्हा पाठवतो!"

खाली इमारतीच्या दारातला दिवसाचा उजेड दिसला, साडू त्यात शिरले, तेव्हा मामांनी झोत काढून घेतला.

मग ते वळले. झोत खटपट्याच्या तोंडावर आला आणि तिथंच राहिला. 'तू.' खटपट्यानं डोळे मिचकावले, पण हात आडवा धरला नाही. मग झोत त्याच्या पायांवर उतरला. फरशीवर गेला. दारातनं आत, चपलांच्या कपाटाला वळसा घालून, त्याच्या खुर्चीवर.

खटपट्या निमूट चालत गेला आणि बसला. तो नीट टेकेपर्यंत उजेड हलला नाही.

मामा आत आले, पलंगावर टेकले, पायानं पिशवी पलंगाखाली सारली. दम खाल्ला. मग स्वयंपाकघराच्या दारावर झोत मारला. बायको लगबगीनं निघाली, तर झोत तिच्या पायापुढं आडवा आला. ती थांबली. झोत तिथनं परत फिरला, सावकाश, खोली ओलांडून, खुर्चीतल्या माणसाच्या तोंडावर.

खटपट्या उठला आणि चहा टाकायला गेला. बंद घड्याळात किती वाजले होते कोण जाणे.